झोपलेली माशी आणि रशियन लेन्स

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. एका शेतीच्या पुस्तिकेसाठी वांग्याच्या फुलावर बसलेली निळ्या पट्ट्यांची, मधमाशीच्या कुळातली माशी हवी होती. पहाटे साडेपाचला सासवडजवळच्या एका वावरात पोचलो, अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स लावली तर फोकस मोटर नुसतीच घर्रघर्र करतेय. झालं कल्याण. पुण्याला जाऊन दुसरी आणेपर्यंत ऊन डोक्यावर येणार. बॅगेच्या तळाशी हौसेनं घेतलेली हेलिओस ४४-२ ही जुनी लेन्स पडून होती, ५८ एमएमची, जर्मन कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सवरून सोव्हिएत लोकांनी बनवलेली, सोबत एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेऊन जवळचं टिपू देणाऱ्या पोकळ नळ्यांचा, सेट. सगळ्या ट्यूब एकाला एक जोडल्या. आता कॅमेऱ्याला लेन्स लावलीय हेच कळेना, शटरच पडेना, मग लेन्स ओळखली नाही तरी शटर पाडू देणारी सेटिंग मेनूत शोधण्यात पाच मिनिटं गेली.

हिला अपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या, दोन रिंगा. एकीवर आठ सेट करायचं, दुसरी पूर्ण उघडून फोकस बघायचा, मग डोळा न काढता बोटानंच ती आठपर्यंत बंद करायची नि क्लिक. एवढ्या जवळून शार्प येतं जेमतेम मिलिमीटरभर, डोळा धरला की मिशा गेल्या. फोकस रिंग फिरवून काही होत नाही, श्वास रोखून आपणच पुढे-मागे झुलायचं. हे उडत्या माशीवर कसं जमणार या चिंतेत असताना शेतवाल्या मावशी चहा घेऊन आल्या.

"माशा आत्ता कुठल्या रे बाबा, ऊन चढल्यावर येत्यात. आत्ता झोपल्यात."

म्हटलं, झोपल्यात म्हणजे कुठे? त्यांनी बांधावरच्या वाळक्या गवताकडे बोट केलं.

खरंच होती! काडीला जबड्यानं घट्ट चावा घेतलेला, पाय पोटाशी दुमडलेले, अख्खं अंग त्या चाव्यावर तोललेलं, पाठीवरच्या लवेवर दव. असे उघड्यावर नर झोपतात, माद्या मातीतल्या बिळात. काडी वाऱ्यानं हलत होती म्हणून मावशींच्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा मागून घेतला, शेजारी एक काठी रोवली आणि काडी तिला चिमटली. पंधरा मिनिटं ती माशी ढिम्म. माझ्या आयुष्यात एवढं सहकार्य करणारं मॉडेल आलेलं नाही, नवरदेव तर नाहीच.

साडेआठनंतर माद्या आल्या. माशीमागं पळायचं नाही असं ठरवून एकाच फुलावर फोकस लावून बसलो. मादी पिवळ्या पुंकेसरांना लोंबकळते, पंख मिटलेले आणि आवाज एकदम चढतो, झीं! त्या थरथरीनं पुंकेसरांच्या टोकाच्या भोकांतून पराग सांडतो, मीठदाणी हलवावी तसा. सातेरी या आपल्या गावठी मधमाशीला हे जमत नाही, म्हणून तर फोटो हिचाच हवा होता. मावशी म्हणाल्या, "दिवसा ह्या फुलांवर असत्यात, म्हणून मी फवारा सांजच्यालाच मारते." दोनशे फ्रेममधल्या चार धड आल्या.

संध्याकाळी पुस्तिकावाल्यांचा फोन. परागाचा फोटो आत तिकिटाएवढा टाकणार होते, कव्हरवर झोपलेली हवी. "फक्त एक सांगा, माशी मेलेली नाहीये ना? मेलेली कव्हरला नको." मग तिनं आळोखेपिळोखे देत पाय ताणलेली पुढची फ्रेम पाठवली, तेव्हा कुठे पटलं त्यांना.