त्यांनी आधी विचारलं

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी ही माझी आठवण. सहावीत असताना फळ्यावरची अक्षरं मला दिसेनाशी झाली. रातांधळेपण त्याआधीपासून होतंच. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं रेटिनायटिस पिगमेंटोसा. नजर कडेकडेने आत आकसत जाईल आणि त्यावर औषध नाही, हेही सांगितलं. आम्ही नगरचे ख्रिस्ती. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, ‘कोणाचं पाप हे?’ बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी एका जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं आणि येशूने त्यांना साफ सांगितलं की पाप ना त्या आंधळ्याचं, ना त्याच्या आईबापांचं. हा उतारा सगळ्यांच्या ओळखीचा होता, तरी विचारायचे.

काही जण डोक्यावर हात ठेवून दृष्टीसाठी प्रार्थना करून जात. प्रार्थनेबद्दल माझी तक्रार नाही, मी आजही तिच्याच आधारावर जगते. पण दृष्टी आली नाही की ‘विश्वास कमी पडला’ असं म्हणून ते निघून जात आणि ते ओझं माझ्यापाशी राही.

आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी हे ओळखलं. एका शनिवारी त्या मला अंध आणि अल्पदृष्टी बांधवांच्या सहभागितेला, म्हणजे प्रार्थनेसाठी एकत्र जमणाऱ्या गटाकडे, घेऊन गेल्या. वेताच्या खुर्च्या विणणारे एक काका, पेटी वाजवणारे एक निवृत्त शिक्षक आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या एक आजी तिथे होत्या. पंडिता रमाबाईंच्या त्या संस्थेत अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचं काम त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी हाती घेतलं होतं, हे मी प्रथम आजींकडूनच ऐकलं. त्या दिवशी कोणीही माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. आजींनी विचारलं, “बाळ, तुला काय हवंय?” मार्काच्या शुभवर्तमानातला बार्तीमय आंधळा आहे हे समोर दिसत असूनही येशूने त्याला आधी विचारलंच होतं. मी म्हणाले, “मला माझं मला वाचायचंय.”

आजींनी माझ्या मांडीवर ब्रेलची पाटी ठेवली आणि हातात टिंबं टोचायचा स्टायलस दिला. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचायचं. सहा टिंबांत सगळी बाराखडी बसते. पहिली वेलांटी डोळस माणसं अक्षराच्या आधी काढतात, ब्रेलमध्ये ती अक्षरानंतर येते. माझी बोटं तिथे फार दिवस अडखळत. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला सगळं स्वच्छ दिसत होतं, तरी तीही हट्टाने ब्रेल शिकली. मधल्या सुट्टीत ती वाचून सांगायची आणि मी टोचायचे. माझ्या हातचं पहिलं पूर्ण पान म्हणजे तेविसावं स्तोत्र.

ब्रेलमधलं संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, चाळीसहून अधिक जाडजूड खंडांचं होतं. एवढे खंड ठेवायला घरात जागा कोणाकडे असणार? आमच्यात ते वाटून दिलेले असत. उत्पत्ती खुर्चीवाल्या काकांकडे, यशया आजींकडे, मार्क माझ्याकडे. ते आडवे रचायचे नाहीत, वजनाने टिंबं दबतात. म्हणून आईने आमच्या कपाटात एक उभा कप्पा रिकामा करून दिला. पुढचा भाग वाचायचा तर तो ज्याच्याकडे असेल त्याच्या दारी जावंच लागे. गेलं की चहा व्हायचा, कोण आजारी आहे, कोणाच्या पोराची फी राहिली आहे हे कळायचं, आणि पुढच्या शनिवारी त्यावर नुसती प्रार्थना न होता वर्गणीही निघायची. सहभागिता मला उपदेशांतून कमी आणि या खंडांच्या देवघेवीतून जास्त कळली.

दहावीला लेखनिक हवा होता, तोही खालच्या इयत्तेतला. शाळेने नववीतली मुलगी दिली, तिला माझ्या बोलण्याच्या गतीची सवय सहभागितेतल्या एका ताईंनी करून दिली. पुढे अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या कायद्यातल्या राखीव जागेमुळे मला बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. पहिल्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी बार्तीमयाची गोष्ट असलेला मार्काचा दहावा अध्याय बोटांनी वाचला. पाळकसाहेबांनी मला व्यासपीठापर्यंत ओढत नेलं नाही, कोपर पुढे केलं आणि मी ते धरलं.

आपल्या आधी या वाटेने बरेच जण चालून गेले आहेत. ॲनी शार्प यांनी 1887 मध्ये अमृतसरला भारतातली पहिली अंधशाळा काढली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी 1900 मध्ये, दुष्काळाच्या त्या भयंकर काळात, अंध मुलांना जवळ केलं. स्वतः लुई ब्रेल पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. आपल्या शाळेचा इतिहास लिहिताना माझ्या बाईंचं त्या शनिवारी मला घेऊन जाणंही त्याच ओळीत यावं, असं मला मनापासून वाटतं.

स्मरणिका समितीला एक विनंती. या अंकाची युनिकोडमधली फाईल माजी विद्यार्थ्यांना जरूर पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर आमचं वाचक सॉफ्टवेअर वाचू लागलं की अर्थहीन अक्षरं ऐकू येतात, आणि स्कॅन केलेलं पान त्याच्या लेखी बहुतेक वेळा कोरंच असतं. फाईल तपासायला माणूस हवा असेल तर मला फोन करा, मी ऐकून दुरुस्त्या सांगेन.