पाटी बाहेर, माणूस आत

लंडनच्या या खेपेला मादाम तुसाँ नको, टॉवर नको, असं आधीच ठरवलं होतं. मला दोन जागा बघायच्या होत्या आणि दोन्ही ठिकाणी आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. माझी मावसबहीण नीताताई कितीतरी वर्षं हॅरोला राहते. तिने हे ऐकून कपाळाला हात लावला, पण डबा घेऊन आली.

पहिली जागा पिकॅडिली, नंबर १७० ते १७३. रॉयल अकॅडमीच्या समोरच्या बाजूला ऑफिसांची एक इमारत उभी आहे. इथे १८१२ मध्ये विल्यम बुलकने आपला अजबखाना मांडायला 'इजिप्शियन हॉल' बांधला. पेंढा भरलेले प्राणी, दूरदूरच्या बेटांवरून आणलेल्या चिजा, आणि वॉटर्लूनंतर चक्क नेपोलियनची घोडागाडी! दर्शनी भाग इजिप्तच्या देवळासारखा, दारावर इसिस आणि ओसायरिसचे धिप्पाड पुतळे. सगळ्या रस्त्यात ही एकच इमारत अशी, त्यामुळे निम्मी जाहिरात तिथेच उरकायची. पुढे संग्रह विकला गेला आणि हॉल भाड्याने मिळू लागला. १९०५ मध्ये तोही पाडला.

फुटपाथवर उभं राहून मी ताईला टॉम थंबची गोष्ट सांगायला लागले. खरं नाव चार्ल्स स्ट्रॅटन, अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टचा, उंची जेमतेम २५ इंच. बार्नम नावाच्या अमेरिकन खेळवाल्याने त्याला न्यूयॉर्कच्या आपल्या म्युझियममध्ये आणलं तेव्हा पोर पाच वर्षांचंही नव्हतं. जाहिरातीत मात्र वय ११ छापलं. पाच वर्षांचं मूल छोटंच असणार, त्यासाठी तिकीट कोण काढेल? १८४४ मध्ये बार्नम त्याला घेऊन लंडनला आला. राणी व्हिक्टोरियाने राजवाड्यात बोलावलं, त्या संध्याकाळी बार्नमने हॉलच्या दारावर पाटी लावली : आज खेळ बंद, जनरल टॉम थंब राणीसाहेबांच्या आज्ञेवरून बकिंगहॅम पॅलेसला गेले आहेत. दुकान बंद असल्याची पाटी आणि तीच सगळ्यात मोठी जाहिरात! वर जनरलसाहेबांसाठी तट्टांची इवलीशी बग्गी करून घेतली आणि ती लंडनच्या रस्त्यांवरून फिरवली. ताई म्हणाली, "म्हणजे आपली निवडणुकीची रिक्षा." बरोबरच होतं तिचं.

पण मी त्या फुटपाथवर गेले होते ती दुसऱ्याच माणसासाठी. बेंजामिन रॉबर्ट हेडन, चित्रकार. १८४६ च्या ईस्टरला त्याने याच इमारतीत आपली दोन प्रचंड चित्रं मांडली. अथेन्समधून हद्दपार होणारा ॲरिस्टायडीस आणि रोम जळताना वीणा वाजवणारा नीरो. त्याच इमारतीत त्याच दिवसांत टॉम थंब परत आला होता. जाहिरातीत हेडनही मागे नव्हता. हँडबिलं, पाट्या, जाहिरातीच्या गाड्या, सगळं केलं. लोक ते बघत होते आणि पुढे जाऊन शेजारच्या दारात धक्काबुक्की करत होते. एका आठवड्याचा हिशोब त्याने लिहून ठेवलाय : टॉम थंबकडे १२,००० माणसं, आपल्याकडे एकशे साडेतेहेतीस. अर्धं तिकीट एका लहान मुलीचं.

तो 'साडे' वाचल्यापासून मला हा माणूस सोडत नाही. इतक्या अपमानातही त्याने त्या मुलीचा हिशोब चोख धरला. नंतर त्याने वर्तमानपत्रात जाहिरातच दिली, इंग्लिश लोकांच्या रसिकतेची टर उडवणारी. माझं मत विचाराल तर तिथेच तो हरला. गिऱ्हाइकाला मूर्ख म्हणून कुणाचा माल खपलाय? मे महिन्यात प्रदर्शन बंद केलं, शंभरावर पौंड बुडाले, कर्ज आधीचं होतंच. २२ जून १८४६ ला त्याने आपल्या स्टुडिओत जीव दिला.

यावर आम्ही दोघी जरा वेळ गप्प होतो. मग डबा उघडला. थालीपीठ थंड झालं होतं, तरी चांगलं लागलं.

बाँड स्ट्रीट चढून स्टेशनवर गेलो, एलिझाबेथ लाइन पकडली. चौथं स्टेशन व्हाइटचॅपल. बाहेर पडलं की भाजीबाजारच. कोथिंबीर, कारली, बांगलादेशी मासळी, आणि रस्त्यापलीकडे जुन्या लंडन हॉस्पिटलची इमारत. तिथे आता टाउन हॉल आहे. मला हवं होतं ते दुकान अलीकडच्या बाजूला. तेव्हाचा नंबर १२३, आताचा २५९.

१८८४ च्या नोव्हेंबरमध्ये इथे टॉम नॉर्मन या खेळवाल्याने जोसेफ मेरिकला, म्हणजे आजारामुळे अंग बेढब वाढलेल्या 'एलिफंट मॅन'ला, लोकांसमोर मांडलं होतं. समोरच्या हॉस्पिटलातला सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज बघायला आला. त्याने पुढे लिहिलंय की दुकानावर मोठा कॅनव्हास टांगला होता. त्यावर अर्धवट हत्ती झालेला माणूस, मागे ताडामाडांचं जंगल, आणि दर दोन पेनी. आत बंद पडलेलं भाजीचं दुकान. फळीवर जुने डबे आणि सुकलेले बटाटे. पडद्याआड तापवलेल्या विटेजवळ घोंगडी पांघरून ऊब घेत बसलेला एक बावीस वर्षांचा मुलगा. जंगल कुठलं आलंय, लेस्टरचा होता तो.

लहानपणी आमच्या जत्रेत तंबूबाहेर असाच एक पडदा असायचा : बाईचं तोंड, नागाचं अंग. आत खोक्यातून मान काढून बसलेली एक दमलेली बाई. आम्ही चार आणे देऊन गेलो की तीच आम्हाला विचारायची, "जेवलात का रे?"

ट्रीव्ह्जने हे जवळजवळ चाळीस वर्षांनी लिहिलं, आणि नॉर्मनला क्रूर ठरवलं. नॉर्मनला ते मान्य नव्हतं. मिळकतीत मेरिकचा निम्मा वाटा होता, असं त्याचं म्हणणं. एवढं खरं की मेरिक चार-साडेचार वर्षं लेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या आश्रयघरात, काढून, आपण होऊन खेळवाल्यांकडे गेला होता. मग १८८६ मध्ये तो त्या समोरच्या हॉस्पिटलात आला, आणि हॉस्पिटलचे अध्यक्ष कार गॉम यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहिलं : माळ्यावरच्या खोलीत असा एक माणूस आहे, मदत करा. आठवड्याभरात त्याच्या जन्माची सोय होईल इतके पैसे जमले. पडदा रस्त्याच्या या बाजूला, पत्र त्या बाजूला. मधे डांबरी रस्ता, बसगाड्या आणि कारली.

आता २५९ नंबरला साड्यांचं दुकान आहे. काचेत सोनेरी काठांचे लेहेंगे आणि हात तुटलेली एक बाहुली. आत गेलो. काउंटरवरच्या काकांना मी हिंदीत विचारलं, तेव्हा ते माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघून म्हणाले, "एलिफंट मॅन? बाहेरून फोटो काढा. सगळे काढतात आणि निघून जातात. साडी कोणी घेत नाही."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की एक फॉल घेतला. आंबा रंगाचा. घरी येऊन बघितलं तर त्या रंगाची साडी माझ्याकडे नाहीच.