‘झाली का?’ एवढ्यावर भागत नाही

‘सिस्टर, बाबांना न्यूमोनिया झालाय, आणि तुम्ही रोज सकाळी संडासचं काय विचारता?’ मेडिसिन वॉर्डात बावीस वर्षं काढली, त्यात हा प्रश्न किती नातेवाइकांनी विचारला असेल कुणास ठाऊक. निवृत्तीनंतर आता सोसायटीतल्या बायका विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

सुरुवातीला मीही नुसतं ‘झाली का?’ विचारायचे. हो म्हणाले की चार्टवर खूण करायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. एका आजींनी ती सवय मोडली. नागीण झाली होती, त्या दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू, त्यात न्यूमोनिया होऊन आमच्याकडे आल्या. पाचव्या दिवशी चादर सारखी खराब व्हायला लागली. पाण्यासारखं, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. मी ‘जुलाब’ लिहिलं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी जुलाब थांबवणारं लोपेरामाइड दिलं. रात्री आजी बरळायला लागल्या, सलाईन ओढून काढलं, लघवीही तुंबली.

सकाळी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘शेवटची घट्ट संडास कधी झाली होती?’ मला सांगता येईना. सून म्हणाली, ‘इथे आल्यापासून नाही. त्याच्या आधीही दोन दिवस नव्हती.’ डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासलं, तर आत दगडासारखा खडा अडकलेला. त्याच्या कडेने जे पाणी झिरपत होतं, त्याला मी जुलाब म्हटलं होतं! दोन दिवस एनिमा दिले तेव्हा पोट मोकळं झालं, आणि हळूहळू आजी सुनेला पुन्हा नावाने हाक मारायला लागल्या.

तेव्हापासून पहिला प्रश्न बदलला: ‘घरी असताना तुमचं कसं असतं?’ कुणाला दिवसातून तीनदा होते, कुणाला आठवड्यातून तीनदा, आणि दोघंही ठणठणीत असतात. आपल्याकडे रोज सकाळी पोट साफ झालं नाही की दिवस वाया गेला असं मानतात, त्याला माझा इलाज नाही. मला हवा असतो तो फरक. मग कोणती गोळी नवीन सुरू झाली ते बघायचं. दुखण्यावरचं मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन यांनी बद्धकोष्ठता होते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने सैल होते. अँटिबायोटिक चालू असताना जुलाब लागले तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. लोहाच्या गोळीने काळी होते, त्याला घाबरायचं नाही. पण डांबरासारखी चिकट, काळी आणि उग्र वासाची असेल तर वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्तस्राव असू शकतो, तिथे थांबायला वेळ नसतो. लिव्हरच्या पेशंटला तर पोट साफ करणारं लॅक्ट्युलोज देऊन दिवसातून दोन-तीनदा मऊ व्हायलाच हवी. ती थांबली की गुंगी चढते.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी संडासच्या 7 प्रकारांचा एक चित्रांचा तक्ता केलाय. 1997 साली तो शास्त्रीय मासिकात छापून आला आणि आता जगभर वापरतात. आमच्या मावशींनी त्याचं केव्हाच मराठी करून टाकलं होतं. एक म्हणजे शेळीच्या लेंड्या, चार म्हणजे सोललेलं केळं, सहा म्हणजे पिठलं, सात म्हणजे नुसतं ताक. ‘पातळ’ म्हणजे काय यावर पेशंट, नातेवाईक आणि नर्स यांचं कधी एकमत होत नाही, पिठल्यावर होतं.

खरी अडचण लाजेची. बेडपॅन नको म्हणून लोक पाणी पिणं सोडतात, अर्धी पोळी खाऊन ताट सरकवतात. एक आजोबा चार दिवस ‘झाली, झाली’ म्हणत होते. झाली काहीच नव्हती. मग पडदा ओढला, खुर्चीचं कमोड आणलं, सुनेला चहाला पाठवलं आणि कानाशी जाऊन विचारलं. दुसऱ्या दिवशी मी खाटेपाशी पोचायच्या आतच त्यांनी चार बोटं वर केली. मी दचकले, ‘चार वेळा?’

‘नाही हो,’ आजोबा म्हणाले, ‘केळं.’