बीटने फसवलं, कांद्याच्या सालींनी तारलं

पहिला रेशमी स्कार्फ घरी रंगवायला घेतला तेव्हा मी सरळ बीट किसून उकळलं. पातेल्यात असा गडद गुलाबी रंग की बास, स्कार्फपण मस्त निघाला, फोटो काढून सगळ्यांना पाठवून झाले. आणि दुसऱ्या धुण्यात रंग बादलीत, स्कार्फ चहा सांडल्यासारखा. बीट, जास्वंद हे दिसायला हिरो पण टिकायला झिरो. हळदीचं तेच, तुरटीशिवायसुद्धा पटकन चढते पण उन्हात उडते.

टिकणारे रंग मात्र साध्यासुध्या वस्तूंतून येतात. झेंडू, डाळिंबाची साल, मंजिष्ठाची मुळं, आणि माझी सगळ्यात लाडकी कांद्याची सुकी सालं! जेवढं कापड तेवढ्याच वजनाची सालं घ्यायची, म्हणजे ४० ग्रॅमच्या स्कार्फला ४० ग्रॅम (ढीगभर होतात, आधीपासून साठवा), तासभर उकळून पाणी गाळून घ्यायचं, त्यातच स्कार्फ रंगवायचा.

त्याच्या आधी तुरटी, ही पायरी गाळायची नाही. कापडाच्या वजनाच्या १५ टक्के, म्हणजे आपल्या स्कार्फला फक्त ६ ग्रॅम. आधी थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग भरपूर कोमट पाण्यात मिसळून ओला स्कार्फ त्यात रात्रभर बुडवून ठेवायचा. रंग रेशमाला धरून ठेवायचं काम तुरटी करते. आणि हो, रंगाचं पातेलं, चमचा, गाळणी सगळं वेगळं ठेवा, परत स्वयंपाकात आणू नका.

आता माझी दुसरी चूक. रंग लवकर चढावा म्हणून मी एक स्कार्फ खळखळ उकळवला आणि त्याची चमकच गेली, हाताला कोरडा चरचरीत लागायला लागला, तो अजून तसाच पडलाय. रेशमाला ८० अंशांच्या आसपास पुरे, पाण्यातून वाफ निघाली पाहिजे पण बुडबुडे नकोत. मंजिष्ठा तर त्याहून नाजूक, ७० च्या वर गेलात की लाल जाऊन विटकरी तपकिरी. थर्मामीटर घ्याच, अंदाजपंचे चालत नाही.

मला सगळ्यात मजा येते ती हिराकस (लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट) वापरताना. डाळिंबाच्या सालीने रंगवलेला पिवळा स्कार्फ, बादलीभर पाण्यात हिराकसची एक चिमूट नीट विरघळवलेली, आणि स्कार्फ आत घातला की बघता बघता पिवळ्याचा शेवाळी, मग राखाडी. मी कडेला बसून एक टोक बाहेर धरून ठेवते, मग एकाच कापडावर दोन्ही रंग मिळतात. जास्त हिराकस नको मात्र, रेशीम कमकुवत होतं.

स्क्रंची किंवा हेअरबँड करणार असाल तर कापड आधी रंगवा आणि मग शिवा. मी तयार स्क्रंची बुडवल्या, इलास्टिक गरम पाण्यात सैल पडलं ते पडलंच, वर शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा निघाला. पॉलिएस्टर हे रंग घेत नाही, त्यामुळे छान सोनेरी स्क्रंचीवर पांढरी शिवण लांबून दिसते. मैत्रिणीला वाटलं डिझाइनच आहे, मी पण हो म्हटलं.