उपाशी ई. कोलाय काय करतो

मे महिन्यात नागपुरात साध्या इन्क्युबेटरवर ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू 37 अंशांवर वाढवणं कठीण. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, आणि दुपारी आमच्या लॅबची हवाच 37 अंशांच्या वर गेलेली असते. मग थंडही करू शकणारा बीओडी इन्क्युबेटर लागतो. परवा एमएस्सीच्या मुलांना मुद्दाम कमी ग्लुकोजचं माध्यम दिलं. माध्यम किती गढूळ झालं, म्हणजे जिवाणू किती वाढले, हे दाखवणारा कलरीमीटरचा आकडा चढत गेला, आणि पुढे हलेचना. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आता ते आत काय करून राहिले?"

या प्रश्नासाठीच मी हे प्रॅक्टिकल ठेवते.

खाणं भरपूर असलं की ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतो. पण 46 लाख बेस-जोड्यांचा डीएनए कॉपी करायला त्याला सुमारे 40 मिनिटं लागतात. हे जमतं, कारण पहिली कॉपी पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू झालेली असते. आता अशा घाईत अन्नच तुटलं तर?

अमिनो आम्लं संपली की रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात, रिकामे टीआरएनए (अमिनो आम्लं वाहून आणणारे रेणू) येऊन बसतात. रेलए हे एन्झाइम ते ओळखतं आणि पीपीजीपीपी नावाचा चिमुकला रेणू बनवायला लागतं. (आमच्या ट्यूबसारखं ग्लुकोज संपलं, तर स्पोटी हे दुसरं एन्झाइम त्याचं प्रमाण वाढू देतं.) 1969 साली कॅशेल आणि गॅलंट यांना तो क्रोमॅटोग्रामवर अनोळखी ठिपका म्हणून दिसला, म्हणून 'मॅजिक स्पॉट'. तो वाढला की ई. कोलायमध्ये ओरीसीपाशी, म्हणजे डीएनएची कॉपी जिथून सुरू होते तिथे, नवी कॉपी सुरूच होत नाही. चालू असलेल्या मात्र शेवटापर्यंत जातात. उपाशी पेशीत अर्धवट गुणसूत्र उरत नाही. किती सांभाळून केलेलं काम आहे हे!

बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूची तऱ्हा वेगळी. तिथे तोच रेणू थेट प्रायमेजला, म्हणजे नव्या धाग्याची सुरुवात करून देणाऱ्या एन्झाइमला, धरतो, आणि धावते फोर्क (जिथे डीएनए उलगडून कॉपी होत असते त्या जागा) वाटेतच थबकतात. 2007 मध्ये वांग, सँडर्स आणि ग्रॉसमन यांनी हे दाखवलं. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की थबकलेल्या फोर्कपाशी दुरुस्तीचं रेकए प्रथिन गोळा होत नाही. म्हणजे फोर्क मोडलेले नसतात.

क्षयाच्या जिवाणूतही असंच रेल एन्झाइम आहे. ते काढून टाकलं तर तो लांबलेल्या उपासमारीत तग धरत नाही. वाढ थांबवून बसलेल्या जिवाणूवर बरीच औषधं नीट चालत नाहीत. क्षयाच्या गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात त्याचं एक कारण हे आहे.