शेवटच्या शर्यतीनंतरचे तीन महिने

रेसच्या घोड्याला निरोप द्यायचा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष त्याच्या शेवटच्या शर्यतीकडे लागतं. हार, फोटो, मानेवर थाप, हे सगळं व्हायलाच हवं. इतकी वर्षं धावलेल्या जनावराचा तो मान आहे. पण घोड्याला कळतं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या पाठीवर खोगीर चढलं नाही. शेजारचे घोडे सरावाला निघाले की तो दारावर लाथा मारतो, ठाणातल्या ठाणात गोल फिरतो, घामाने निथळतो. म्हणून ट्रेनरचा निरोप तिथून पुढे निदान तीन महिने चालला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त घोळ खुराकात होतो. सरावातला पाचशे किलोचा थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, दिवसाला पाच-सहा किलो दाणा सहज खातो. काम एकदम थांबलं आणि दाणा तसाच चालू राहिला, तर पुन्हा जरा काम दिल्याबरोबर त्याचे स्नायू धरतात. पाठ आणि पुठ्ठे टणक होतात, पाऊल उचलवत नाही, लघवी गडद तपकिरी येते. अशा वेळी ‘चालवलं की मोकळा होईल’ म्हणून त्याला फिरवणं घातक. जागेवरच उभा ठेवावा आणि डॉक्टरला बोलवावं. हे टाळायचं तर दाणा आधी कमी करायचा, काम त्याच्या मागोमाग. पहिल्या आठवड्यात भरधाव धाव बंद, फक्त दुडकी आणि हलकी दौड, मग दुडकी, मग हाताने धरून रोज अर्धा-पाऊण तास चालवणं. तीन-चार आठवड्यांत दाणा अगदी नाममात्र उरतो, आणि त्याची जागा सुकं गवत घेतं.

गवतात मात्र हात आखडता घेऊ नये. रोज वजनाच्या दीड टक्का, म्हणजे पाचशे किलोच्या घोड्याला साडेसात किलो, ही कमीत कमी मर्यादा झाली. जास्त मिळालं तर उत्तमच. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, लाळ मात्र चावतानाच सुटते. दाणा दहा मिनिटांत संपतो आणि मग रिकाम्या पोटात आम्ल साचतं. सरावातल्या बहुतेक घोड्यांना जठरात व्रण असतात त्याचं हे मोठं कारण आहे. हिरव्या कुरणावर सोडताना उलट काळजी: आधी सुकं गवत पोटभर, मग पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढ. आतड्यातल्या जिवाणूंना नवा चारा पचवायला तेवढा वेळ लागतो. घाई केली की पोटशूळ ठरलेला.

नाल काढताना मागचे आधी काढावेत, म्हणजे सोबत्याला लाथ बसली तरी जखम कमी होते. रेसचे ॲल्युमिनियमचे नाल निघाले की खिळ्यांच्या भोकांपाशी खूर तुकड्यांनी फुटतो. नालबंदाकडून कडा गोलसर घासून घ्याव्यात, दर पाच-सहा आठवड्यांनी खूर साळावेत आणि खडकाळ जमीन टाळावी. खूर महिन्याला सेंटीमीटरभरही वाढत नाही. पुढचा खूर वरपासून खालपर्यंत नवा यायला नऊ ते बारा महिने लागतात.

मोकळं सोडण्याचा पहिला दिवस मला सगळ्यात जोखमीचा वाटतो. आवार लहान हवं, कुंपण लांबून दिसेल असं, आणि पलीकडे एखादा शांत, वयस्क घोडा. आधी अर्धा तास चालवून आणावं, पायांना बूट बांधावेत. फाटक लावून घ्यावं, घोड्याचं तोंड आपल्याकडे आणि कुंपणाकडे वळवावं, मगच दोर सोडून मागे सरावं. तोंड मैदानाकडे असेल तर तो सुटता सुटता मागचे पाय झाडतो, आणि ते थेट सोडणाऱ्याच्या छातीवर येतात. पुढच्या पायाच्या शिरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेची, जुनी दुखापत असेल तर आधी सोनोग्राफी करावी. वर्षभर जपलेली शीर एका उधळणीत पुन्हा फाटू शकते.

नव्या माणसाच्या हाती देताना सगळं लिहून द्यावं: दुखापती, दातांची तपासणी, लशी, तो कशाला बुजतो, कोणत्या बाजूला हात लावू देत नाही. हेही लिहावं, की लगाम ताणला की थांबायचं हे त्याला माहीत नाही. ताण आला की लगामावर तोंड टेकवून जोरात पळायचं, हेच तो शिकलाय. चढताना स्थिर उभं राहणं आणि एकट्याने बाहेर जाणंही त्याला नवीन असतं. पुन्हा शर्यतीत उतरवणार नाही, ही अट लेखी घ्यावी. दहाव्या वर्षी निवृत्त झालेला घोडा आणखी पंधरा वर्षंही जगतो, आणि तेवढा खर्च झेपेल का हे तोंडावर विचारायला संकोचू नये.

सुरुवातीला पाठीचे आणि पुठ्ठ्यांचे स्नायू उतरतील. ते काम थांबल्यामुळे असतं. ते पाहून दाणा वाढवू नये. बरगड्यांवरून हात फिरवावा. हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत, तर वजन ठीक आहे. दिसू लागल्या तर आधी दात तपासावेत, शेणातल्या जंतांची तपासणी करावी, आणि मगच खुराकाला हात लावावा.