तुम्ही विचारलंत म्हणून : गच्चीवरच्या पवनचक्कीबद्दल

लातुरातल्या आमच्या गच्चीवर मी बसवलेली छोटी पवनचक्की उतरवली, त्यानंतर उरलेला रिकामा लोखंडी खांब पाहून बरेच जण विचारतात, "सर, बालाघाटच्या डोंगरमाथ्यावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात, मग घरावर एखादी छोटी बसवायला काय हरकत आहे?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशीच्या माळावरचा वारा वेगळा आणि वस्तीतला वेगळा. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. दोन मीटर व्यासाच्या माझ्या चक्कीवर 'एक किलोवॅट' असे छापलेले होते, पण ते सेकंदाला 12 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 43 किलोमीटर वेगाचा वारा गृहीत धरून. एरवी गच्चीवर मिळणारा वारा 3 मीटरचा धरला, तर वेग चौथाई होतो आणि वीज चौसष्टाव्या हिश्शावर, म्हणजे जेमतेम 15 वॉटवर येते. छापलेले खोटे नव्हते. बारीक अक्षरे मीच वाचली नव्हती.

चक्की उतरवल्यावर, खरे तर आधीच करायला हवा होता, असा एक प्रयोग मी केला. कठड्याला वीस फुटांचा बांबू बांधून त्याला जुन्या लुगड्याच्या तीन पट्ट्या तीन उंचीवर लावल्या. सर्वांत खालची पट्टी बांबूभोवती गुंडाळली जाई, मधली कधी वाऱ्याच्या उलट दिशेला फडके, आणि वरचीसुद्धा शेजारच्या टाकीकडून वारा आला की पिळवटून जाई. वारा भिंतीवर आपटून वर उसळतो आणि गच्चीवर भोवरे करतो. त्यात पात्यांना एक दिशा सापडत नाही आणि बेअरिंग मात्र झिजते. चक्की वर होती त्या आषाढात वाऱ्याने जोर धरला, तेव्हा खांबाचा हादरा स्लॅबमधून खाली उतरला आणि आईने सकाळी विचारले, "रात्रभर वर जातं कोण ओढत होतं?"

दीडशे मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा पाती निदान 10 मीटर वर असावीत, असा या कामातला ठोकताळा आहे. तीन मजली घरांच्या वसाहतीत त्यासाठी वीस-बावीस मीटरचा खांब लागेल, आणि त्याच्या ताणाच्या तारा शेजाऱ्याच्या अंगणात जातील.

शहरात राहत असाल, तर सौर पॅनल लावा. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपयांचे अनुदान आहे. चक्कीला त्यात जागा नाही. शेतातले घर उघड्या माळावर असेल, तर गोष्ट निराळी : पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते, नेमका तेव्हाच वारा जोरात असतो, त्यामुळे दोन्हींची जोडी एकाच बॅटरीवर चांगली चालते. मात्र आश्विन-कार्तिकात वारा पडतो, म्हणून वाऱ्याचा वेगमापक वर्षभर पात्यांच्याच उंचीवर ठेवून नोंदी घ्याव्यात आणि मगच पाया खोदावा.